सांतियागोच्या बसगाड्या आणि प्रवाशांचा कौल

शहरांतील बसगाड्यांचे मार्ग कोणीं आंखावे, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ तज्ज्ञांचा वाटतो. कोणत्या रस्त्यानें किती गाड्या जाव्या, त्या किती वेळानें सुटाव्या, भाडें किती असावें, या सर्व गोष्टी हिशेबाच्या आहेत. आणि ज्याला हिशेब येतो त्यानेंच तो करावा, असें कोणीहि म्हणेल. परंतु थांब्यावर रोज पहाटे उभा राहणारा मनुष्य त्या व्यवस्थेविषयीं असें कांहीं जाणत असतो, कीं तें कोणत्याहि नकाशावर उतरत नाहीं. चिली देशाची राजधानी सांतियागो या शहरानें हें सत्य फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलें. तेथील बससेवेची इ. स. २००७ सालीं झालेली पुनर्रचना, तिच्यामुळें उडालेला हाहाकार, आणि पुढें प्रवाशांच्या तक्रारींवरून तिला करावी लागलेली दुरुस्ती, हा नागरी वाहतुकीच्या इतिहासांतील एक बोधप्रद अध्याय आहे.

सांतियागो हें अँडीज पर्वताच्या पायथ्याशीं, मापोचो नदीच्या कांठीं वसलेलें शहर. पर्वताच्या बाजूस, म्हणजे पूर्वेस, धनिकांची वस्ती. कचेऱ्या आणि मोठीं दुकानें हींहि बहुतांशीं त्याच भागांत व शहराच्या मध्यावर. दक्षिणेस आणि पश्चिमेस दूरवर पसरलेल्या उपनगरांतून श्रमजीवी लोक राहतात. घरकाम करणारी बाई, इमारतीवरील गवंडी, दुकानांतील नोकर, इस्पितळांतील परिचारिका, अशा असंख्य लोकांना सकाळीं जवळजवळ सबंध शहर ओलांडून पूर्वेकडे जावें लागतें आणि संध्याकाळीं तितकेंच अंतर कापून परत यावें लागतें. भुयारी रेल्वे तेथें १९७५ सालीं सुरू झाली. परंतु गरिबांच्या पुष्कळशा वस्त्या अनेक वर्षें तिच्यापासून दूरच राहिल्या. त्यामुळें सुमारें साठ लाख वस्तीच्या या शहराचा खरा आधार बसगाडी हाच होता.

ही बसगाडी कोणत्या अवस्थेंतून गेली होती, तें पाहिल्याशिवाय पुढील गोष्टींचा उलगडा होणार नाहीं. १९७३ सालीं सत्ता बळकावलेल्या लष्करी राजवटीनें पुढें बसवाहतुकीवरील निर्बंध एकामागून एक उठविले. ज्याला गाडी घेतां येईल त्यानें ती हव्या त्या रस्त्यानें चालवावी आणि हवें तें भाडें घ्यावें, असा प्रकार सुरू झाला. चढाओढीनें भाडें उतरेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत गाड्या बेसुमार वाढल्या आणि भाडेंहि चढलें. रस्ते तुंबले, धुरानें हवा कोंदली, आणि चोहोंकडून डोंगरांनीं वेढलेल्या त्या खोऱ्यांत हिंवाळ्यांत श्वास घेणें कठीण होऊं लागलें. १९९० सालीं लोकशाही परत आल्यावर नव्या सरकारनें मार्गांचे ठेके देऊन थोडीबहुत शिस्त आणली आणि सर्व गाड्यांना पिंवळा रंग दिला. या पिंवळ्या गाड्यांची संख्या सुमारें आठ हजार होती, आणि त्यांचे मालक हजारों.

त्यांचे दोष सर्वांना ठाऊक होते. चालकाची कमाई विकलेल्या तिकिटांवर अवलंबून असे; म्हणून एकाच रस्त्यावरचे दोन चालक प्रवासी पळविण्यासाठीं जीव धोक्यांत घालून शर्यत लावीत. रस्त्याच्या कोपऱ्यावर कांहीं माणसें वही घेऊन उभीं असत. पुढची गाडी किती मिनिटांपूर्वीं गेली तें तीं चालकास ओरडून सांगत आणि त्याबद्दल चार नाणीं मिळवीत. लोक त्यांना ‘बेडूक’ म्हणत. विद्यार्थ्यांना सवलतीचें भाडें असल्यामुळें गणवेश दिसतांच गाडी न थांबवितां पुढें नेणारे चालक पुष्कळ असत.

परंतु याच गाड्यांचे गुण मात्र फारसे कोणीं लिहून ठेवले नाहींत. त्यांचे मार्ग लांबच लांब असत; शहराच्या एका टोंकाला चढलेला मनुष्य बहुधा गाडी न बदलतां दुसऱ्या टोंकाला उतरे. एक गाडी चुकली तर मागून दुसरी येतच असे. गर्दींत मागच्या दारानें चढलेला उतारू आपले पैसे पुढच्याच्या हातीं देई. ते हातोहात चालकापर्यंत पोंचत आणि तिकीट व सुटे पैसे त्याच वाटेनें परत येत. ज्या व्यवस्थेला सारें शहर नांवें ठेवीत होतें, तिच्यांत असा एक मूक विश्वास नांदत होता.

राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस यांच्या कारकीर्दींत, म्हणजे २००० नंतर, ही व्यवस्था मुळापासून बदलण्याचें ठरलें. कोलंबिया देशांतील बोगोता शहरानें २००० सालाच्या अखेरीस स्वतंत्र रस्त्यांवरून धांवणाऱ्या बसगाड्यांची नवी सेवा सुरू केली होती आणि तिचा लौकिक सर्वत्र झाला होता. सांतियागोच्या योजनाकारांनीं त्याहून मोठी उडी घेण्याचा संकल्प केला. बोगोतानें एकेक रस्ता हातीं घेतला. सांतियागोनें सबंध शहराची सेवा एकाच दिवशीं बदलावयाची ठरविली. जुन्या मालकांनीं २००२ सालीं रस्ते अडवून संप केला, तोहि सरकारनें मोडून काढला. योजनेचें नांव ‘ट्रान्सांतियागो’ असें ठेवण्यांत आलें.

योजना कागदावर देखणी होती. मोठ्या रस्त्यांवरून लांब, जोडगाड्या धांवाव्या; वस्त्यांतून लहान गाड्यांनीं प्रवासी आणून त्या मोठ्या रस्त्यांवर किंवा भुयारी रेल्वेपाशीं सोडावे; ‘बिप’ नांवाचें एकच कार्ड सर्वत्र चालावें, आणि गाडी बदलली तरी भाडें बहुतांशीं एकदांच पडावें. चालकास ठराविक पगार मिळावा, म्हणजे शर्यती थांबतील. एकमेकांशेजारून धांवणाऱ्या गाड्या काढून टाकल्या म्हणजे आठ हजारांचें काम पांच हजारांच्या आसपास गाड्यांत भागेल, आणि सरकारास एक पैसाहि न देतां सेवा आपल्या पायावर उभी राहील. हा हिशेब बेरजेच्या दृष्टीनें चुकीचा नव्हता. त्यांत चूक होती ती प्रवाशाच्या वेळेच्या मोलांत. गाडींत बसून गेलेलीं दहा मिनिटें आणि काळोखांत, थंडींत, अनोळखी थांब्यावर दुसऱ्या गाडीची वाट पाहत काढलेलीं दहा मिनिटें हीं उताऱ्याच्या दृष्टीनें सारखीं नसतात. घरकामास जाणाऱ्या बाईला एकाच्या जागीं तीन गाड्या बदलाव्या लागल्या तर तिचें काय होईल, हें तिला कोणी विचारलें असतें तर तिनें एका वाक्यांत सांगितलें असतें.

१० फेब्रुवारी २००७, शनिवार, या दिवशीं जुने मार्ग बंद झाले आणि नवे सुरू झाले. दक्षिण गोलार्धांत तो उन्हाळ्याच्या सुट्टीचा महिना. शहर अर्धें रिकामें असतां बदल अंगवळणीं पडेल, असा विचार होता. परंतु योजनेचे आधारस्तंभच जागेवर नव्हते. बसगाड्यांसाठीं राखून ठेवावयाचे रस्ते बहुतेक बांधलेच गेले नव्हते. कोणती गाडी कोठें आहे हें दाखविणारी यंत्रणा चालत नव्हती. ठेकेदारांशीं झालेल्या करारांत उताऱ्यांची संख्या घटली तरी उत्पन्न जवळजवळ ठरलेलें होतें. तेव्हां सगळ्या गाड्या रस्त्यावर काढण्याची निकड त्यांना वाटेना. आणि मार्ग तर इतके बदलले होते, कीं वर्षानुवर्षें त्याच वाटेनें जाणारा मनुष्य आपल्याच शहरांत वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा झाला.

मार्च महिन्यांत शाळा आणि कचेऱ्या उघडल्या, तेव्हां खरा प्रलय दिसला. थांब्यांवर शेंकडों माणसें तासन् तास ताटकळूं लागलीं. वेळेवर कामावर पोंचण्यासाठीं लोक अंधारांतच घर सोडूं लागले. बस मिळेना म्हणून सारा लोंढा भुयारी रेल्वेकडे वळला; तिचे दैनंदिन उतारू सुमारें तेरा लाखांवरून वीस लाखांच्या पलीकडे गेले, आणि जी रेल्वे शहराचा अभिमान होती तिच्या डब्यांत माणसांना उभें राहण्यासहि जागा राहिली नाहीं. दूरच्या वस्त्यांतील लोकांनीं रस्त्यांवर येऊन गाड्या अडविल्या. उशिरा आल्याबद्दल मजुरी कापली गेली, तान्हीं मुलें शेजाऱ्यांकडे सोंपवून आया आणखी एक तास लवकर निघाल्या. हा खर्च योजनेच्या कोणत्याहि खातेवहींत मांडलेला नव्हता.

२६ मार्च २००७ रोजीं राष्ट्राध्यक्षा मिशेल बाचेलेत यांनीं देशापुढें येऊन गोष्टी नीट झाल्या नाहींत हें कबूल केलें, विशेषत: गरीब नागरिकांची क्षमा मागितली, आणि वाहतूकमंत्री बदलला. योजना त्यांच्या आधीच्या सरकारनें आंखलेली होती. तरी सुरुवात त्यांच्या संमतीनें झाली होती आणि दोष त्यांनीं दुसऱ्यावर ढकलला नाहीं. सत्ताधाऱ्यांनीं अशी जाहीर क्षमा मागणें ही चिलीच्या इतिहासांतहि विरळा गोष्ट होती.

येथून या कथेचा दुसरा आणि अधिक शिकण्यासारखा भाग सुरू होतो. जुनी व्यवस्था परत आणतां येत नव्हती. ती मोडून गेली होती. नवी तशीच ठेवणेंहि शक्य नव्हतें. राहिला एकच मार्ग : उताऱ्यांचें गाऱ्हाणें हाच नकाशा समजून एकेक दोष काढणें. वस्त्यांतील शेजार-मंडळें आणि नगरपालिकांचे महापौर आपापल्या भागाच्या मागण्या घेऊन येऊं लागले. या गल्लींत गाडी येत नाहीं. येथून इस्पितळाला सरळ जातां येत नाहीं. रात्रपाळी सुटल्यावर घरीं पोंचण्यास साधन नाहीं. अशा स्वरूपाचीं तीं गाऱ्हाणीं होतीं. त्यांवरून मार्ग लांबविण्यांत आले, नवे मार्ग जोडण्यांत आले, कोठें कोठें जुन्या पिंवळ्या गाडीची वाटच नव्या क्रमांकानें परत आली. गाड्यांची संख्या हळूहळू वाढवून सहा हजारांच्या पलीकडे न्यावी लागली. ज्या मोठ्या थांब्यांवर चढण्यास फार वेळ लागे, तेथें कठडे घालून भाडें आधींच घेण्याची सोय झाली, म्हणजे गाडी येतांच सर्व दारांनीं चढतां येई. करार बदलण्यांत आले. किती उतारू नेले आणि ठरलेल्या फेऱ्या खरोखर केल्या कीं नाहीं, यांवर ठेकेदाराचें उत्पन्न ठरूं लागलें.

सर्वांत मोठी कबुली २०१२ सालच्या नव्या करारांत दिसून आली. मोठ्या रस्त्यांच्या गाड्या निराळ्या आणि वस्त्यांतल्या गाड्या निराळ्या, हा जो भेद योजनेचा पाया होता, तोच तेव्हां काढून टाकण्यांत आला. प्रत्येक ठेकेदारास दोन्ही प्रकारचे मार्ग देण्यांत आले आणि सरळ जाणाऱ्या गाड्या वाढविण्यास वाव मिळाला. सेवा स्वत:चा खर्च स्वत: भागवील हें स्वप्न तर त्यापूर्वींच, २००९ सालीं, मावळलें होतें, त्या वर्षीं सार्वजनिक वाहतुकीस सरकारी तिजोरींतून कायमचें साहाय्य देणारा कायदा करावा लागला.

न्यायानें बोलावयाचें तर नव्या योजनेनें चांगलेंहि पुष्कळ केलें. शर्यती थांबल्या, अपघात घटले, गाड्यांचा धूर कमी झाला, चालकांना नियमित पगार मिळूं लागला. २०१८ च्या अखेरीपासून विजेवर चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येनें येऊं लागल्या आणि कांहीं वर्षांतच त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. चीनबाहेर इतका मोठा ताफा असलेलीं शहरें फार थोडीं. परंतु प्रवाशांचा गेलेला विश्वास गाड्यांइतक्या सहज विकत आणतां येत नाहीं. पूर्वीं ज्या शहरांत पैसे हातोहात चालकापर्यंत जात, त्याच शहरांत पुढें चार उतारूंतील एक तरी भाडें न देतांच बसमध्यें चढूं लागला. २०१९ सालीं सेवेचें नांवच बदलून ‘रेद’ असें ठेवण्यांत आलें, कारण जुन्या नांवाला कायमचा डाग लागला होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें भुयारी रेल्वेच्या गर्दीच्या वेळच्या भाड्यांत ३० पेसोंची वाढ झाली. विद्यार्थ्यांनीं फाटकांवरून उड्या मारून भाडें नाकारलें, १८ ऑक्टोबरला शहर पेटलें, स्थानकें जळालीं, आणि वाढ मागें घेतली तरी वणवा विझला नाहीं. त्या उद्रेकाचीं कारणें पुष्कळ आणि खोल होतीं. सगळा दोष बसगाड्यांवर लादणें योग्य होणार नाहीं. पण रोजच्या प्रवासांत ज्याचें म्हणणें कोणी ऐकून घेतलें नाहीं, त्याच्या मनांत काय सांचत जातें, याची खूण त्यांत नि:संशय होती.

सांतियागोच्या योजनाकारांपाशीं विद्या होती, पैसा होता, सद्धेतूहि होता; प्रवास-पाहणीचे आंकडेसुद्धां होते. मात्र मनुष्य कोठून निघतो आणि कोठें पोंचतो एवढेंच आंकडे सांगतात. मधल्या वाटेंत त्याला काय सोसतां येईल, हें त्याच्याच तोंडून ऐकावें लागतें. तें आधीं ऐकलें असतें तर कांहीं सभांचा आणि कांहीं महिन्यांच्या विलंबाचा खर्च आला असता. मागाहून ऐकावें लागल्यामुळें त्याला अनेक वर्षें लागलीं, अपार द्रव्य लागलें, आणि लक्षावधि माणसांच्या झोंपेचे तास त्यांत कायमचे खर्ची पडले.