डॉज गाडी कोणाची?



आज एका मोटारीची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, मोटारीत इतिहास तो काय असायचा? इतिहास म्हणजे किल्ले, लढाया, सनदा आणि बखरी. पण जरा आठवून पाहा. आपल्या पंचक्रोशीत एखाद्या वाड्याच्या देवडीत, नाहीतर जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये, लांबरुंद, फुगीर पाठीची एखादी गाडी धूळ खात उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. तिच्या नाकावर धातूचा मेंढा असेल तर ती डॉज. शिडाचे जहाज असेल तर प्लिमथ. शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचा मुखवटा असेल तर डिसोटो. गाडी चालत नाही. चाकांत हवा नाही. तरी घरातले वडीलधारे म्हणतात, ‘‘ती विकायची नाही.’’

का विकायची नाही? लोखंडाचा भाव तर बरा येईल. पण त्या ‘नाही’मध्ये काहीतरी आहे, आणि तेच आज आपण शोधणार आहोत. ही गाडी अमेरिकेची. मग ती आपली कशी झाली?

आरंभापासून पाहू. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली मॉडेल टी नावाची गाडी काढली. १९१३ साली त्यांनी कारखान्यात सरकता पट्टा बसवला. माणूस जागेवर उभा, आणि गाडी त्याच्यापुढून सरकत जायची. काम झपाट्याने होऊ लागले, किंमत उतरली, आणि १९२७ पर्यंत या एका नमुन्याच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. इतका माल खपवायला जगभर बाजारपेठ पाहिजे. म्हणून १९२६ मध्ये फोर्डची आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सची हिंदुस्थानी शाखा निघाली. जनरल मोटर्सने मुंबईला शिवडीस कारखाना घातला. कारखाना म्हणायचा, पण गाडी तिथे घडत नसे. बोटीतून खोक्यांत सुटे भाग यायचे, ते इथे जोडायचे, आणि गाडी बाहेर काढायची.

आपल्या खेडोपाडी मोटार पोचली ती सर्व्हिस मोटारीच्या रूपाने. पुढे हँडल मारायचे, भोंगा वाजवायचा, टपावर गाठोडी आणि कोंबड्या, आत दाटीवाटीने माणसे. वाटेत रेडिएटर तापला की क्लीनर बादली घेऊन विहिरीकडे धावायचा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मापून मिळू लागले, तेव्हा कोळशाच्या गॅसवरही गाड्या चालवल्या गेल्या. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली, आणि खाजगी सर्व्हिस मोटारींचे दिवस हळूहळू सरले. पण तोवर मोटारीची ओढ गावाला लागलेली होती.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. इथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे काम त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी. पुढे १९१९ साली सिंदिया कंपनीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९४० साली बंगळूरला विमानाचा आणि १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजाचा कारखाना उभारण्याचे काम त्यांनी हाती घेतले. राहता राहिली मोटार.

देशात मोटारीचा कारखाना हवा, ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आग्रहाने मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३९ साली ते स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर कंपनीशी मात्र बोलणी जुळली. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही तिन्ही नावे याच क्रायस्लरची. पण इंग्रज सरकारने युद्धकाळात या कामाला हात दिला नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, मुंबईजवळ कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आणि १९४७ साली, ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यातून गाड्या निघू लागल्या.

ही गोष्ट वर्गात सांगताना एक खबरदारी घ्या. ‘सोलापूरच्या माणसाने स्वदेशी मोटार काढली’ एवढे सांगून थांबू नका. मुलांना खरे सांगा. प्रारंभी कुर्ल्यालाही परदेशी भाग जोडण्याचेच काम चालत असे. फरक होता तो पुढच्या इराद्यात. १९४९ साली सरकारने पूर्ण बनलेल्या गाड्यांच्या आयातीला बांध घातला. १९५३ साली ठरले, की ज्यांना भाग इथेच बनवायचे असतील त्यांनी राहावे. नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५४ पर्यंत इथले काम आवरून गेल्या. प्रीमियर राहिली. एकेक भाग इथे बनवायला शिकायचे, हे काम हळू चालते आणि त्यात चुकाही होतात. पण शिकणे असेच असते, हे शिक्षकांना मी काय सांगावे! वालचंद मात्र हे सारे पाहायला फार दिवस राहिले नाहीत. ८ एप्रिल १९५३ रोजी ते निवर्तले.

कुर्ल्याहून निघालेल्या त्या गाड्यांत एक गंमत होती. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय ही नावे वेगळी, पुढची जाळी आणि पट्ट्या वेगळ्या. पण अंगातले यंत्र बहुतेक एकच. सहा सिलिंडरचे, एका ओळीतले, साडेतीन लिटरच्या आसपासचे इंजिन. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. पुढची बैठक सलग बाकासारखी. तिच्यावर तिघे आरामात बसत आणि लग्नसराईत चौथाही मावे. इंजिन साधे होते, कॉम्प्रेशन कमी होते, म्हणून बरेवाईट पेट्रोल ते पचवून टाकी.

इकडे अमेरिकेत काय चालले होते? तिथे चारदोन वर्षांत गाडी बदलायची रीत पडली. डिसोटो हे नाव तर १९६० साली तिथे बंदच झाले. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीची जीटीओ आली. मधल्या आकाराच्या गाडीत सहा लिटरहून मोठे, आठ सिलिंडरचे इंजिन! अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणू लागले. आपण पैलवान गाडी म्हणू. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली. तरुण पोरे वेडी झाली. आज तिकडचे म्हातारे आपली ती पहिली गाडी आठवून गहिवरतात.

ते पैलवान आपल्याकडे सहसा आले नाहीत. दार बंद होते. इथे १९५४ पासून कुर्ल्यालाच फियाट अकराशे निघू लागली. तिचे इंजिन जेमतेम १.१ लिटरचे. म्हणजे ज्याच्या दारात डॉज किंवा प्लिमथ उभी होती, त्याला तसली दुसरी मिळण्याची आशा नव्हती. आहे तीच टिकवायची. तिकडे गाडी चार वर्षांची सोबतीण. इथे ती तीस-चाळीस वर्षे घरात राहिली. तिच्यातून नवरी सासरी गेली, बाळंतीण माहेरी आली, आजारी माणूस दवाखान्यात पोचला. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या खेपा झाल्या. गड्ड्याच्या यात्रेला पोरे तिच्यातून आली. मग तिच्यावर जीव जडला यात नवल ते काय?

पण मित्रहो, नुसत्या मायेने गाडी चालत नाही. तिला मिस्त्री लागतो. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ साली इथली पहिली कापडगिरणी सुरू झाली. जिथे गिरण्या तिथे फिटर, टर्नर, लोहार, ओतारी. यंत्र बिघडले तर साहेबाच्या देशातून भाग येईपर्यंत थांबायचे नाही, आपल्या हाताने करून बसवायचा, ही विद्या अशा गावात मुरलेली असते. मोटारीलाही तीच लागू पडली. पिस्टन सैल झाला, सिलिंडर बोअर करा, रिंगा बदला. बुश मिळत नाही, लेथवर कातून काढा. पाटा तुटला, लोहाराकडून वाकवून घ्या. डॉजचा भाग नाही, डिसोटोचा बसतो का पाहा. तो बसतोच, कारण यंत्र एकच! इंग्रजी पुस्तक वाचता न येणारा मिस्त्री बॉनेटला कान लावून सांगायचा, कुठला व्हॉल्व्ह आवाज करतो आहे.

मग १९७३ साली जगात तेलाचा भडका उडाला. पेट्रोल महागले. साडेतीन लिटरचे इंजिन म्हणजे दारात हत्ती बांधल्यासारखे झाले. कित्येकांनी गाडी मोडीत दिली. काहींनी दुसरी वाट काढली: मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढवले. आवाज ट्रॅक्टरसारखा झाला, धूर वाढला, पण गाडी जगली.

आता मूळ प्रश्नाला येतो. सन २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. जुनी वस्तू जशीच्या तशी जपणे हेही मोलाचे काम आहे, आणि त्यासाठी कुठेतरी रेघ मारावीच लागते.

पण एवढे ध्यानात घ्या. या रेघेच्या आत येते ती मुख्यतः श्रीमंताघरी झाकून ठेवलेली गाडी. जी डॉज ज्वारीच्या रानातून, मुरमाच्या रस्त्यावरून चाळीस वर्षे धावली, जिचे इंजिन बदलले, जिचे दार पत्रा ठोकून केले, ती रेघेबाहेर राहते. आणि माझ्या मते आपला इतिहास तिच्यातच जास्त लिहिलेला आहे. मूळ गाडी अमेरिकेचा इतिहास सांगते. दुरुस्त केलेली गाडी आपला सांगते. तिच्यातला प्रत्येक बदललेला भाग म्हणजे कुणाची तरी युक्ती, कुणाची तरी अडचण, कुणाचे तरी उसने घेतलेले पैसे.

मग डॉज कोणाची? क्रायस्लरची खरीच. वालचंदांची आणि कुर्ल्याच्या कामगारांचीही. ज्यांनी पैसे मोजले त्या मालकांची. पण तितकीच ती मिस्त्रीची, ड्रायव्हरची आणि बादली घेऊन धावणाऱ्या त्या क्लीनर पोराचीही. मालकाचे नाव गाडीच्या पुस्तकात सापडते. या बाकीच्यांचे नाव कुठेच सापडत नाही.

वेळ थोडा उरला आहे. त्याच कुर्ल्याच्या कारखान्याची फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या रस्त्यावरची ती काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. तेव्हा लोकांनी तिची छायाचित्रे काढून घेतली. आपल्या गावच्या डॉजला तेवढाही निरोप मिळाला नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. दिवाळीच्या सुटीत मुलांना एक काम द्या. गावातली पहिली मोटार कोणती, ती कुठून आली, कोण चालवी, कोण दुरुस्त करी, तिच्यातून कोण कुठे गेले, हे घरातल्या आजीआजोबांना विचारून वहीत लिहून आणायला सांगा. मालकाच्या नावाआधी मिस्त्रीचे नाव लिहायला सांगा. त्याचा लेथ अजून कुठल्या गल्लीत उभा असेल तर मुलांना नेऊन दाखवा. हत्यारे हातात धरू द्या.

आणि मित्रहो, तुमच्या देवडीत ती गाडी उभी असेल, आणि वडील ‘विकायची नाही’ म्हणत असतील, तर त्यांच्याशी वाद घालू नका. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘‘बाबा, हिचं इंजिन कोणी बसवलं होतं?’’ मग ते सांगत बसतील. तुम्ही फक्त लिहून घ्या.