दोघांचा वॉकमन

माझ्या मुलीच्या कानात कायम इअरबड. चार हाका मारल्या तरी ओ नाही. परवा चिडलो, आणि मग वॉकमनची गोष्ट आठवली.

१ जुलै १९७९. जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन विक्रीला आला. किंमत ३३,००० येन. गंमत म्हणजे, त्याला हेडफोनचे दोन जॅक होते. का? सोनीचे अकिओ मोरिता नमुना घरी नेऊन एकटेच ऐकत बसले, तर पत्नी नाराज! म्हणून त्यांनी दुसऱ्या हेडफोनची सोय करायला लावली. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि मायक्रोफोनमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. एकटेपणाचा धोका बनवणाऱ्यालाच आधी दिसला होता.

पण लोकांना वॉकमन ज्याचा त्याचा हवा होता. पुढच्या मॉडेलांतून आधी ते बटण गेलं, मग दुसरा जॅकही. म्हणजे दोष एकट्या यंत्राचा नाही. मागणी आपलीच होती.

काल मी मुलीला विचारलं, "काय ऐकतेस गं?" तिनं एक इअरबड माझ्या हातावर ठेवला. गाणं मला फारसं कळलं नाही. बोलणं मात्र झालं.