काजळी फासलेल्या तोंडांचा कायदा

वर्तमानपत्रातल्या गुन्हेवार्तेत एक वाक्य वर्षानुवर्षं भेटतं: अमुक इसम मध्यरात्री तोंडाला रुमाल बांधून, ‘स्वतःचे अस्तित्व लपवून’ अंधारात बसलेला मिळून आला. पाठोपाठ कलम १२२ चा उल्लेख येतो. १९५१ च्या मुंबई, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं हे कलम. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, गुन्हा करण्याच्या हेतूने तोंड झाकलेला किंवा वेष पालटलेला माणूस सापडला, तर त्याला शिक्षा आहे. रात्र, झाकलेलं तोंड आणि हेतू. या तिघांची कुळी शोधत गेलं की आपण इंग्लंडमधल्या हरणांच्या रानात पोचतो.

१७२० नंतरच्या काही वर्षांत विंडसर आणि हॅम्पशरच्या रानांत टोळ्या तोंडाला काजळी फासून हरणं मारू लागल्या. ‘वॉल्थॅम ब्लॅक्स’ म्हणत त्यांना. हरीण राजाचं आणि बड्या जमीनदारांचं. रानाकाठी राहणाऱ्यांच्या वाट्याला बंधनं. या टोळ्यांना आवरायला १७२३ मध्ये ‘ब्लॅक ॲक्ट’ आला. आपण अन्यायाच्या कायद्याला काळा कायदा म्हणतो. या कायद्याच्या नावातला काळा रंग काजळीचा, तरी आपल्या अर्थानेही तो काळाच होता. हत्यार घेऊन, तोंड काळं करून रानात नुसतं दिसणं फाशीला पुरेसं होतं. झाडं तोडणं, तळ्याचा बांध फोडणं यांनाही तीच शिक्षा. तीन वर्षांपुरता केलेला हा कायदा बहुतांशी मोडीत निघायला १८२३ उजाडलं. हरणाच्या जिवापेक्षा माणसाचा जीव स्वस्त ठरवणारं हे शतक इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात उलगडलं. १८६१ च्या इंग्लिश चोरीविषयक कायद्यात काळं तोंड उरलं, पण फाशी गेली, आणि रात्रीची व हेतूची अट आली. आपल्या कलमाचा साचा हाच.

अमेरिकेतली शाखाही जमिनीच्याच भांडणातून फुटली. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठची लाखो एकर जमीन व्हॅन रेन्सेलेअर घराण्याची. कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या खंडाचा गहू घालायचा, वर वर्षाला चार लठ्ठ कोंबड्या आणि बैलजोडीसह वेठ. १८३९ मध्ये थोरला मालक वारला आणि वारसांनी थकलेल्या खंडाचा तगादा लावला. शेरीफ नोटिसा घेऊन निघाला, की जेवायला हाक मारण्याची पत्र्याची शिंगं गावोगाव वाजत. ती ऐकून शेतकरी छिटाचे झगे आणि मेंढीच्या कातड्याचे मुखवटे चढवून, ‘इंडियन’, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, टोळी बनून येत आणि त्याचे कागद जाळून टाकत. मुखवट्याची गरज उघड होती: चेहरा ओळखला गेला तर घर आणि शेत, दोन्ही जाणार.

जानेवारी १८४५ मध्ये राज्याने कायदा केला: रंगवलेल्या किंवा झाकलेल्या चेहऱ्याने रस्त्यावर, शेतात, रानात दिसेल त्याला भटक्या म्हणून पकडावं. यात हेतू तपासण्याची गरजच नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँडीज गावी जप्तीच्या वेळी उपशेरीफ ऑस्मन स्टील गोळीबारात मारला गेला. पण १८४६ च्या राज्यघटनेने सरंजामी कुळपद्धतच बंद केली, शेतीचे पट्टे बारा वर्षांवर आणले. कुळांचं भांडण बरंचसं मिटलं. मुखवट्याचा कायदा मात्र राहिला.

कायद्याचं हे हत्यार दुबळ्यांच्याही कामी आलं, आणि ते सांगितलं नाही तर हा इतिहास एकांगी होईल. बुरखे घालून रात्री नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांच्या दारात उभ्या राहणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्ध १८७० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला. हक्क हिरावण्याच्या हेतूने वेष पालटून हमरस्त्यावर वा दुसऱ्याच्या आवारात जाणं गुन्हा ठरलं. ते शब्द अमेरिकी फौजदारी कायद्यात आजही आहेत. पुढे अलाबामाने १९४९ मध्ये आणि जॉर्जियाने १९५१ मध्ये क्लॅनचेच बुरखे उतरवण्यासाठी कायदे केले.

न्यूयॉर्कचा जुना कायदा २०११ मध्ये वॉल स्ट्रीटजवळ ठाण मांडलेल्या आंदोलकांवरही चालवला गेला. मे २०२० मध्ये, करोनामुळे मास्क घालणंच सरकारी आज्ञा झाली तेव्हा, तो रद्द झाला. आपल्या कलम १२२ ला त्या साथीत हात लावावा लागला नाही. पुण्यात उन्हाधुळीपासून बचाव म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटर चालवणाऱ्या मुलीलाही ते अडवत नाही, कारण त्यात हेतू हा शब्द आहे.