८ फेब्रुवारी १९१५ : पडद्यावर नायक झालेले मारेकरी

लॉस एंजेलिसमध्ये या दिवशी डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा मूकपट झळकला. तेव्हा नाव होते ‘द क्लॅन्समन’. पुढे तो ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ म्हणून गाजला.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच टेनेसीतील पुलास्की गावी कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना निघाली. गुलामीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना रात्री घराबाहेर ओढून तिने चाबकाने फोडले, ठार मारले. त्यांनी मत देऊ नये म्हणून. १८७१चा क्लॅनविरोधी कायदा आणि खटले यांनी ती मोडली. पण टॉमस डिक्सन यांची १९०५ची कादंबरी आणि तिच्यावरचा हा मूकपट यांनी त्याच मारेकऱ्यांना अब्रू राखणारे घोडेस्वार बनवले. जळता क्रूस तर निव्वळ कादंबरीतला. मूळ संघटनेत ती प्रथाच नव्हती. तरी १९१५च्याच नोव्हेंबरात जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्रूस पेटवून नवी क्लॅन उभी राहिली. दहा वर्षांत तिचे सदस्य लाखांवर गेले.

मराठी वाचकाला यादवी युद्धानंतरच्या त्या काळाशी जोडणारे पुस्तक घरचेच आहे. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना.