व्हिडिओ दिसतो, पण आवाज येत नाही? मूळ कॅसेट टाकून देण्याआधी हे तपासा

समजा, सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका घरात दिवाळीची साफसफाई करताना लग्नाची जुनी कॅसेट सापडते. नातू ती कम्प्युटरवर घेतो, नको तो भाग कापतो आणि एमपी४ फाइल तयार करून पुण्याच्या आत्याला पाठवतो. आत्याचा लगेच फोन येतो, "अरे, दादा बोलताना दिसतात, पण आवाजच येत नाही!"

दादा आता नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. अशा वेळी पहिली भीती वाटते ती आवाज पुसला गेल्याची. प्रत्यक्षात बहुतेकदा तो पुसलेला नसतो, वाटेत कुठेतरी अडकलेला असतो. त्यामुळे तो कुठे अडकला हे कळेपर्यंत कॅसेट आणि कम्प्युटरवरची पहिली फाइल यांपैकी काहीही टाकून देऊ नये.

आवाज वेगळा कसा होतो?

व्हिडिओ फाइल एखाद्या डब्यासारखी असते. एमपी४, एव्हीआय, एमओव्ही ही या डब्यांची नावं. आत चित्र आणि आवाज हे दोन वेगवेगळे प्रवाह असतात आणि प्रत्येक प्रवाह साठवण्याची पद्धत वेगळी असते. या पद्धतीला कोडेक म्हणतात. प्लेअरला चित्राचा कोडेक कळला पण आवाजाचा कळला नाही, तर चित्र दिसतं आणि आवाज येत नाही. म्हणूनच एकच एमपी४ फाइल एका मोबाइलवर बोलते आणि दुसऱ्यावर मुकी राहते.

सुरुवात कुठून करायची?

तपासणी शेवटाकडून सुरुवातीकडे करायची. आधी तीच फाइल कम्प्युटरवर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावून पाहा. त्याला बहुतेक सगळे कोडेक कळतात. आवाज आला, तर फाइल ठीक आहे आणि अडचण मोबाइलच्या प्लेअरची आहे.

आवाज आला नाही, तर व्हीएलसीच्या 'टूल्स' मेनूमधलं 'कोडेक इन्फर्मेशन' उघडा. तिथे व्हिडिओसोबत ऑडिओचा प्रवाहही दिसायला हवा. ऑडिओची नोंदच नसेल, तर आवाज या फाइलमध्ये आलेलाच नाही. मग एक पायरी मागे जावं लागेल.

ऑडिओची नोंद आहे, पण मोबाइलवर आवाज नाही

याची दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं कारण कोडेक. लग्नाच्या डीव्हीडीवर आवाज अनेकदा एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल पद्धतीत असतो आणि अनेक मोबाइलचे प्लेअर तो वाजवत नाहीत. अशा वेळी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ऑडिओसाठी एएसी निवडावं आणि नवी प्रत काढावी. एएसी ही 1997 पासूनची पद्धत आहे आणि आजच्या जवळपास सगळ्या मोबाइलवर चालते.

दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही. हेडफोनवर आवाज येतो, पण मोबाइलच्या एकाच स्पीकरवर तो गायब होतो किंवा अगदी क्षीण होतो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या ध्वनिलहरी एकमेकींच्या उलट नोंदल्या गेल्या असतील, तर एकत्र आल्यावर त्या एकमेकींना खोडतात. एडिटिंगमध्ये एकच बाजू घेऊन ती दोन्हीकडे वापरली की आवाज परत येतो.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली असेल, तर आणखी एक गोष्ट पाहा. पाठवण्याआधीच्या स्क्रीनवर स्पीकरचं चिन्ह असतं. त्याला चुकून बोट लागलं, तर व्हिडिओ आवाजाशिवायच जातो.

एक्सपोर्टमध्ये काय चुकतं?

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्ट करताना ऑडिओचा पर्याय वेगळा असतो. त्यावरची खूण निघालेली असेल, तर फक्त चित्र बाहेर पडतं. टाइमलाइनवर एखादा ट्रॅक म्यूट राहिला असेल, तरीही तेच होतं. पूर्ण तासाभराचा व्हिडिओ एक्सपोर्ट करण्याआधी दहा सेकंदांचा तुकडा काढून ऐकला, तर बराच वेळ वाचतो.

कॅसेटवरून घेतानाच आवाज आला नसेल तर?

व्हीसीआरच्या तीन वायरींपैकी पिवळी चित्राची, तर पांढरी आणि लाल आवाजाची. फक्त पिवळी जोडली, तर चित्र व्यवस्थित येतं आणि आवाज येतच नाही. जुना व्हीसीआर मोनो असेल, तर आवाज एकाच कानात येतो.

यूएसबी कॅप्चर यंत्र वापरताना चित्र आणि आवाज कम्प्युटरला दोन स्वतंत्र साधनं म्हणून दिसतात. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओसाठीही तेच यंत्र निवडावं लागतं. विंडोजमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद असेल, तरी हा आवाज अडू शकतो. या सगळ्या चुका दुरुस्त होतात, पण त्यासाठी कॅसेट पुन्हा चालवावी लागते. ती हाताशी असायला हवी ती याचसाठी.

आवाज खरोखरच नसतो तेव्हा

जुन्या लग्नांच्या व्हिडिओत माणसांचं बोलणं काढून त्यावर सिनेमाची गाणी टाकण्याची पद्धत होती. अशा तयार कॅसेटमधून बोलणं परत मिळवता येत नाही. शूटिंगची मूळ कॅसेट नातेवाइकांकडे किंवा स्टुडिओत शिल्लक असेल, तरच आशा असते.

मिनी डीव्ही कॅसेट असेल, तर मात्र थोडं थांबावं. तिच्यावर 12 बिट पद्धतीत आवाजाच्या दोन जोड्या असू शकतात. एकीत मूळ आवाज, दुसरीत नंतर टाकलेलं संगीत. कॅमेऱ्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पहिली जोडी निवडली, तर खालचं बोलणं ऐकू येऊ शकतं.

फाइल बोलू लागली की

ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ऐकून घ्यावी. मग दोन प्रती कराव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीतल्या घराघरांत शिरलं होतं. कॅसेट आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात असल्या, तर अशा पुरात दोन्ही एकदम जातात. आत्याकडे पुण्यात ठेवलेली प्रत मात्र शाबूत राहते.