ट्रॅव्हलर (भूमिकाखेळ)

ट्रॅव्हलर हा विज्ञानकथेवर आधारित, टेबलाभोवती बसून खेळण्याचा भूमिकाखेळ आहे. मार्क मिलर यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील गेम डिझायनर्स वर्कशॉप या प्रकाशनसंस्थेने १९७७ मध्ये तीन छोट्या काळ्या पुस्तकांच्या संचात प्रसिद्ध केला. भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो. सूत्रधार (नियमपुस्तकातील 'रेफरी') भोवतालचे जग सांभाळतो आणि अनिश्चित कृतींचा निकाल फाशांवर लागतो. वास्तववादी विज्ञानकथा हवी, पण किचकट नियम नकोत, अशी अपेक्षा असणाऱ्यांसाठी हा खेळ विचारात घेण्याजोगा आहे. नियम थोडे असूनही त्याला वास्तवाचा स्पर्श लाभतो, तो मुख्यतः वय, अंतर आणि पैसा यांच्या बंधनांमुळे.

फाशांचे गणित

खेळाला नेहमीचे सहा बाजूंचे दोन फासे पुरतात. मूळ नियमांत शस्त्राचा नेम साधण्यासाठी ८ किंवा अधिक बेरीज लागे. इतर कामांचे लक्ष्य परिस्थितीनुसार ठरे. मॉन्गूज पब्लिशिंगच्या २००८ च्या आवृत्तीने ८ हेच सर्व कृतींचे मूळ लक्ष्य केले. ३६ शक्यतांपैकी १५ मध्ये, म्हणजे सुमारे ४२ टक्के वेळा, ते साधते. कौशल्याचा एक गुण मिळाला की शक्यता ५८ टक्के आणि दोन गुणांनी ७२ टक्के होते. त्यामुळे कौशल्याचे आकडे लहान असले तरी नवखा आणि जाणकार यांतील फरक ठळक राहतो. जखमा थेट शक्ती, चपळता आणि सहनशक्ती या गुणांतून वजा होतात. बंदुकीची एखादी गोळीही पात्राला आडवे करू शकते, म्हणून अनुभवी खेळाडू चकमक टाळण्याकडे वळतात.

पात्राचे पूर्वायुष्य

पात्र १८ व्या वर्षी नौदल, भूदल, टेहळणी, व्यापारी जहाजे अशा एखाद्या सेवेत शिरते. चार-चार वर्षांच्या प्रत्येक कालखंडात त्याला कौशल्ये मिळतात, पण जिवावरचा धोकाही असतो. १९७७ च्या नियमांनुसार खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरू शकते! या नियमाची थट्टा पुष्कळ झाली. २००८ च्या आवृत्तीत मृत्यूऐवजी सहसा अपघात घडून सेवा संपते. ३४ व्या वर्षापासून वार्धक्याचे फासे टाकावे लागतात. म्हणजे अधिक शिकावे तर शरीर थकते, आणि लवकर बाहेर पडावे तर हाती फारसे काही नसते.

अंतर आणि कर्ज

ताऱ्यांमधील प्रवास 'जंप' इंजिनाने होतो. एका झेपेत एक ते सहा पार्सेक अंतर कापता येते (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे), पण कोणत्याही झेपेला साधारण एक आठवडा लागतो. जहाजापेक्षा वेगाने बातमी पोहोचत नाही. त्यामुळे दूरच्या राजधानीचे आदेश शिडाच्या जहाजांच्या काळाप्रमाणे शिळे होऊनच येतात.

जहाज विकत घेताना किमतीचा पाचवा हिस्सा रोख भरून उरलेल्यासाठी मूळ किमतीच्या २४० व्या भागाइतका मासिक हप्ता ४८० महिने फेडावा लागतो. एकूण भरणा किमतीच्या २२० टक्के होतो. हप्ता चुकू नये म्हणून पात्रे संशयास्पद माल उचलतात, आणि सूत्रधाराला वेगळे कथानक रचण्याची गरज अनेकदा उरत नाही.

वास्तवाच्या मर्यादा

दुसऱ्या पुस्तकात ग्रहांमधील प्रवासाचे सूत्र दिले आहे: अंतराला त्वरणाने भागून आलेल्या संख्येच्या वर्गमुळाची दुप्पट. पृथ्वीवरील गुरुत्वाइतक्या त्वरणाने १० कोटी किलोमीटर जाण्यास त्यानुसार सुमारे २ लाख सेकंद, म्हणजे ५६ तास लागतात. भौतिकशास्त्र अचूक आहे. इंजिन मात्र काल्पनिक आहे. मध्यावर जहाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर होतो, तर व्हॉयेजर १ चा वेग सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास आहे. प्रकाशापेक्षा वेगवान झेप आणि कृत्रिम गुरुत्व याही सवलतीच आहेत.

त्या नको असतील तर त्या वगळून नियम वापरणे तुलनेने सोपे जाते. पहिल्या तीन पुस्तकांत ठरावीक विश्व नव्हतेच. 'थर्ड इम्पीरियम' ही प्रसिद्ध पार्श्वभूमी नंतरच्या प्रकाशनांतून आकाराला आली.

जवळचे पर्याय

याच संस्थेने १९८६ मध्ये 'ट्रॅव्हलर: २३००' काढला. नाव सारखे असले तरी त्याचे नियम वेगळे होते आणि नकाशा सूर्याजवळच्या खऱ्या ताऱ्यांचा होता. पुढे '२३०० एडी' या नावाने तो ओळखला जाऊ लागला आणि मॉन्गूजने त्याला ट्रॅव्हलरच्या दोन फाशांच्या नियमांवर आणले. साधेपणा आणि वास्तव दोन्ही हवे असणाऱ्यांना ही जोडणी मूळ खेळापेक्षाही जवळची वाटू शकते. १९८६ मधीलच गर्प्स ही स्टीव्ह जॅक्सन यांची सर्वसाधारण प्रणाली तीन फाशांवर चालते. प्रत्यक्ष खेळ सोपा असला तरी तिच्यात पात्र घडवण्यास बराच वेळ जातो. २००२ मध्ये तिच्यासाठी निघालेल्या 'ट्रान्सह्यूमन स्पेस'मध्ये इ. स. २१०० ची सूर्यमाला रंगवली असून प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास त्यात अजिबात नाही.