विटीदांडू, घंटा आणि तुरुंग

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ सालची. तिच्याही सोळा वर्षं आधी, १८४१ मध्ये, हरि केशवजींनी एक इंग्रजी रूपककथा 'यात्रिकक्रमण' या नावानं मराठीत आणली. मूळ लेखक जॉन बन्यन. (आडनाव ऐकून मराठी माणसाला वेगळंच काही आठवतं, त्याला इलाज नाही.) कथेतला ख्रिस्ती यात्रेकरू स्वर्गाच्या वाटेला लागतो, तेव्हा अपोल्यॉन नावाचा राक्षस त्याला अडवतो. अंगावर खवले, पाठीला पंख, पोटातून धूर, सगळं आहे. पण हा राक्षस आल्या आल्या हाणामारी करत नाही. जुन्या मालकासारखा बोलतो. चाकरी का सोडलीस? पगार कमी पडला का? परत फिर, बघू काहीतरी. युद्ध नंतर. मला या पुस्तकात सगळ्यात खरी वाटते ती ही घासाघीस.

ती बन्यननं स्वतः अनुभवली होती. १६२८ साली बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावात जन्मलेला हा माणूस, फुटक्या भांड्यांना डाग देणारा कारागीर. शिक्षण जेमतेम. त्याची पापं तरी कोणती? तोंडात शिव्या, रविवारी खेळ आणि चर्चच्या घंटा वाजवण्याचा नाद. एका रविवारी पाद्र्यानं सुटीच्या दिवशीच्या खेळांवरच प्रवचन केलं. बन्यन हादरला, पण जेवून पोट भरलं आणि प्रवचन विसरलं. गेला खेळायला. खेळ आपल्या विटीदांडूचा भाऊ शोभेल असा. एक टोला मारून झाला, दुसरा मारणार तोच आवाज आला, पापं सोडून स्वर्गात जातोस की पापं घेऊन नरकात? विटी तिथंच टाकून तो आभाळाकडे बघत राहिला. मग मनानं हिशेब मांडला की आता उशीर झालाच आहे, नरक ठरलेलाच आहे, तर थोड्या पापांऐवजी पुष्कळ केली म्हणून काय बिघडलं? गडी पुन्हा खेळायला लागला.

घंटा वाजवणं त्यानं पुढे सोडलं, पण बघायला जाणं सुटेना. एक घंटा डोक्यात पडली तर, म्हणून तुळईखाली उभा राहिला. भिंतीवर आपटून अंगावर उसळली तर? म्हणून दारात आला. मनोराच कोसळला तर? अखेर पळाला. १६६६ साली छापलेल्या आत्मकथेत हे सगळं त्यानं न लाजता लिहिलं आहे. पुढे तर वर्षभर एकच कुजबुज कानाशी राहिली, ख्रिस्ताला विकून टाक. जेवताना, काठी तासताना, खाली पडलेली टाचणी उचलतानासुद्धा! मुसलमान घरांत अशा कुजबुजीला 'वसवसा' म्हणतात. सैतान ओरडत नाही, ही समजूत दोन्हीकडे सारखी आहे.

खरी परीक्षा मात्र १६६०च्या नोव्हेंबरात आली. राजेशाही परतली होती आणि अधिकृत चर्चबाहेर सभा भरवणाऱ्यांवर एलिझाबेथ राणीच्या काळचा जुना कायदा उगारला जात होता. अटक होणार याची कुणकुण बन्यनला आधीच लागली. सभा मोडा, असं यजमानानं सुचवलंही. तो थोडा वेळ शेतात फिरला, विचार केला, परत आला. अटक झाली. शिक्षा तीन महिन्यांची, पण प्रवचन करणार नाही असं कबूल केल्याशिवाय सुटका नाही. घरी दुसरी पत्नी एलिझाबेथ, पहिलीची चार मुलं, त्यातली एक मुलगी आंधळी. धक्क्यानं एलिझाबेथचं बाळंतपण अवेळी झालं आणि मूल दगावलं.

इथं मोहाला शिंगं नव्हती. तो बापाच्या मायेचं रूप घेऊन आला होता, आणि ती माया खोटीही नव्हती. आंधळ्या लेकीच्या आठवणीनं काळीज तुटतं, असं बन्यननं लिहिलं आहे. त्याचा हट्ट बरोबर होता का, हे त्या लेकीलाच विचारायला हवं होतं, असं मला वाटतं. एलिझाबेथचं मत मात्र कळतं. १६६१ च्या ऑगस्टमध्ये ती न्यायाधीशांपुढे उभी राहिली. नवरा प्रवचन सोडेल का, असं विचारल्यावर तिनं सांगितलं की, बोलता येतंय तोवर सोडण्याची त्याची छाती होणार नाही.

तो तुरुंगात नाड्यांना धातूची टोकं बसवून घराला पैसे पाठवत राहिला. तीन महिन्यांची बारा वर्षं झाली. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजानं अशा पंथांना सवलत जाहीर केली, आणि त्याच वर्षी बन्यनच्या हातात सरकारी कागद पडला, प्रवचन करण्याचा परवाना.